दहा मिनिटं, अर्धा तास, एक रविवार: नाशकात मन ताजं ठेवणारे ‘नसते उद्योग’

छंद लावून घ्यायचा म्हटलं की माणूस आधी दुकानात जातो. दुर्बीण येते, दहा कुंड्या येतात, कॅरमबोर्ड येतो आणि दोन महिन्यांत सगळं माळ्यावर जातं. क्रम उलटा हवा. दिवसात आणि आठवड्यात आपल्याकडे मोकळा वेळ नेमका कुठे आहे ते आधी बघा आणि त्या वेळेत मावेल तेवढाच उद्योग धरा. सकाळची दहा मिनिटं असतील तर पाखरं. संध्याकाळचा अर्धा तास असेल तर मोगरा. रविवारची सकाळ रिकामी असेल तर लेणी किंवा मिसळ. पावसाळ्यात हे सगळंच थोडं आखडतं, तेव्हा कॅरम.

नवख्यानं पहिला महिना एकच उद्योग करावा आणि खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या वर जाऊ देऊ नये. घरचे याला नसते उद्योग म्हणतील. म्हणू द्या, गजरा झाला की मागायला तेच येतात.

सकाळची दहा मिनिटं: पाण्याचं परळ

पाखरांच्या पाण्यासाठी मातीचं परळ, म्हणजे पसरट भांडं घ्या, दीड वीत रुंद आणि दोन इंच खोल. कुंभाराकडे मिळतं, किंवा बुधवारी गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात विचारा. त्यात पाणी फक्त इंचभर भरायचं. बुलबुलाएवढ्या पक्ष्याला तळाला पाय टेकले तरच आंघोळीची हिंमत होते. खोल भांड्यात तो काठावरून वाकून एक घोट घेतो आणि उडून जातो. मध्ये मुठीएवढा खडबडीत दगड ठेवा, म्हणजे बसायला जागा होते. स्टीलची थाळी नको. तिच्यावर पाय घसरतात आणि एप्रिलात दुपारी बारानंतर तिच्यातलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं.

गॅलरीच्या कोपऱ्यात, एखाद्या कुंडीच्या आडोशाला ठेवा. पक्षी आधी झाडावर बसतो, इकडेतिकडे बघतो आणि मगच खाली उतरतो. मांजर दबा धरून बसेल अशा अडगळीपासून मात्र परळ चार-पाच फूट लांब हवं. पाणी रोज सकाळी पूर्ण ओतून बदला, नुसती भर घालू नका. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, रोज पाणी बदललं की ती भीती उरत नाही. तीन-चार दिवसांनी नारळाच्या शेंडीनं परळ घासून काढा. साबण लावू नका, माती तो पिऊन घेते.

दाणे ठेवावेत का? आमचं मत स्पष्ट आहे: ठेवू नयेत. बाजरी-कणी टाकली की चौथ्या दिवशी पारवे येतात, पंधराव्या दिवशी ते एसीच्या मागे अंडी घालतात आणि चिमण्या-बुलबुल परळाकडे फिरकेनासे होतात. फक्त पाणी ठेवलं तर गिऱ्हाईक कमी येतं, पण वेगवेगळं येतं.

परळ ठेवल्यावर आठ-पंधरा दिवस काहीच येत नाही. बहुतेक जण याच टप्प्यावर सोडून देतात. जागा बदलू नका, वेळ बदलू नका. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासानं, चहाचा कप घेऊन, दहा मिनिटं. मोबाईल आत.

दिसलेल्याची ओळख पटवायला आधी आकार ठरवा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, मग शेपटी, रंग सगळ्यात शेवटी. नवखा माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो, कारण रंग फसवा असतो. शिंजीर, म्हणजे सनबर्ड, त्याचा नर उन्हाच्या दिवसांत काळा-जांभळा चमकतो. विणीचा हंगाम सरला की तोच पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक गडद पट्टा राहतो, मग वहीत दोन वेगळे पक्षी नोंदले जातात. कोकिळेचं तसंच. काळा कुळकुळीत दिसतो तो नर आणि ‘कुहू’ ओरडतो तोही नरच. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, तिला लोक भलतंच काहीतरी समजतात.

शहरात सुरुवातीला पुरतील एवढे पक्षी: बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, साळुंकी, वटवट्या, भारद्वाज, कोतवाल, तांबट. तांबट दिसण्याआधी ऐकू येतो. भांड्यावर हातोडी पडावी तसं एका लयीत ‘टुक टुक टुक’. शिंपी अंगठ्याएवढा आणि आवाज मात्र गल्ली ओलांडणारा, त्यामुळे लोक वर बघत राहतात आणि तो खाली जास्वंदीत असतो.

वहीत चार रकाने आखा: वेळ, किती, कुठे बसला, काय करत होता. नाव आलं नाही तर रिकामं सोडा. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘बुलबुल दोन’ यापेक्षा ‘दोन बुलबुल, एक पाण्यात, दुसरा राखणीला’ ही नोंद पुढच्या दिवशी पुन्हा बघायला लावते. आवाज ओळखायला ‘मर्लिन’ हे मोफत ॲप कामाचं आहे, पण त्यातला आवाज मोठ्यानं वाजवून पक्ष्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर शिरला असं वाटून तो घरटं सोडून भांडायला येतो.

संध्याकाळचा अर्धा तास: मोगरा

नाशकात मोगऱ्याचा हंगाम साधारण मार्च ते जून. झाड मात्र त्याआधी तयार करावं लागतं. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, जुन्या फांदीला नाही. एवढं एक लक्षात राहिलं की छाटणी कशासाठी करायची ते कुणाला विचारावं लागत नाही.

रोप रोपवाटिकेतून घ्या. जात विचारा. बटमोगरा टप्पोरा आणि भरगच्च असतो, पण फुलं मोजकी. एकेरी मोगरा भरपूर फुलतो आणि गजऱ्याला सोपा जातो. मदनबाणाच्या कळ्या लांबट. पहिल्यांदा लावणाऱ्यानं एकेरी घ्यावा. फुलं लागलेलं रोप बघून भुलू नका, बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप निवडा.

कुंडी बारा इंची, तळाला भोकं मोकळी. आपल्याकडची काळी माती एकटी भरू नका. ओली असताना ती लोण्यासारखी असते आणि वाळली की भेगाळून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड, असं मिश्रण करा. रोज पाच तास तरी थेट ऊन हवं. उत्तरेच्या गॅलरीत मोगरा हिरवागार होतो आणि फुलत नाही. तिथे हट्ट सोडा, पुदिना लावा.

वर्षाचं वेळापत्रक असं. डिसेंबरअखेर पाणी कमी करत जा, माती दोन बोटं खोल कोरडी झाल्याशिवाय घालू नका. जानेवारीच्या शेवटी, थंडी ओसरायला लागली की छाटणी: प्रत्येक फांदी निम्म्यावर आणा, डोळ्याच्या (नवा फुटवा येतो त्या जागेच्या) जरा वर तिरपा काप द्या, सुकलेल्या आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढा, उरलेली पानंही खुडून टाका. झाड पार भुंडं दिसतं आणि घरात कुणीतरी हळहळतं. चालायचंच. छाटणीनंतर आठवड्यानं वरची इंचभर माती उकरून दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी पुन्हा सुरू करा. तीन आठवड्यांत फुटवे, पाच-सहा आठवड्यांत कळ्या. एक बहर संपला की सुकलेल्या गुच्छाखालची दोन पेरं कापा, तिथून पुन्हा फुटतं. हंगामात दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरतं. युरिया टाकू नका, पानं तळहाताएवढी होतील आणि कळी एकही येणार नाही.

बिघडतं कुठे?

कळ्या उमलण्याआधीच गळतात: एक दिवस पाणी तुडुंब, दोन दिवस विसरलं, असं झालं असणार. एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी एकदा, फार तापलं तर संध्याकाळीही. कळ्या आल्यावर कुंडीची जागा बदलली तरी गळतात.

कळ्या जांभळट होऊन आतल्या आत वाळतात: कीड आहे. तशा कळ्या रोज खुडून पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका.

पेरांत कापसासारखं पांढरं: पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, नाव काढताच तोंड कडू होईल. कुंडीत मात्र तो हातानं आवरतो. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसून काढा, मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि पाच मिली पातळ साबण ढवळून ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्यानं पुन्हा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर मिलीबग असणारच असं धरून शोधा. त्याच्या चिकट गोडाव्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

पानं पिवळी: बहुतेक वेळा पाणी जास्त. बोट मातीत घालून बघा आणि मगच ठरवा.

आता ज्यासाठी हे सगळं, तो अर्धा तास. कळ्या पाच-सहाच्या सुमारास खुडा. पांढरीशुभ्र झालेली, टपोरी, पण टोक मिटलेली कळी घ्यायची. हिरवट कळी उमलत नाही आणि उमललेलं फूल गुंफताना पाकळ्या सोडतं. देठ अर्धा सेंटिमीटर ठेवा. रात्री आठ-नऊला त्या उमलतात.

पहिल्या वर्षी एका झाडाच्या दिवसाला पाच-दहा कळ्याच येतात. वीतभर गजऱ्याला साधारण पन्नास लागतात. म्हणून आधी पाच कळ्या माठात टाका. सकाळचं पाणी पिताना कळतं मोगरा कशाला लावला ते. ओल्या मलमलीत गुंडाळून फ्रीजमध्ये कळ्या एक-दोन दिवस टिकतात, तेवढ्यात दोन-तीन दिवसांच्या मिळून छोटा गजरा होतो.

सुईनं ओवणं कुणालाही जमतं. गाठींचा गजरा हाताला यायला चार-पाच संध्याकाळी द्याव्या लागतात, पण तो टिकतो जास्त आणि दिसतोही भरदार.

१. जाड सुती दोरा हातभर घ्या आणि पाण्यात भिजवून पिळा. कोरडा दोरा देठ कापतो. केळीचं सोपट, म्हणजे खोडाचा धागा, मिळालं तर सर्वात उत्तम.

२. दोऱ्याचं एक टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबा. तर्जनीवर दोन कळ्या डोकी डावीकडे करून ठेवा, त्यांच्या देठांवर दोन कळ्या डोकी उजवीकडे करून. देठं एकमेकांवर फुलीसारखी आली पाहिजेत.

३. लांब दोरा देठांच्या फुलीवरून एकदा गुंडाळा आणि अंगठ्यानं दाबा.

४. उजव्या हाताच्या दोन बोटांवर दोरा उलटा पिळून फास करा, म्हणजे मोकळं टोक फासाच्या आतल्या बाजूला जाईल. हा फास उजवीकडच्या कळ्यांच्या डोक्यांवरून घालून देठांपर्यंत सरकवा आणि ओढा.

५. पुढच्या चार कळ्या पहिल्यांना खेटून ठेवा.

फास सुटला तर तो उलटा न पिळता सरळ घातलेला असतो. कळ्यांची डोकी तुटली तर जोर जास्त झाला. दोरा ताणायचा तो देठाला चिकटेपर्यंतच, देठात रुतेपर्यंत नाही. मध्ये दोरा दिसायला लागला तर पुढची जुडी लांब ठेवली गेली. पहिला गजरा वेणीत माळण्याजोगा होत नाही, तो देवाला चालतो. देव तक्रार करत नाही.

रविवारची सकाळ, पर्याय पहिला: पांडवलेणी

शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. पायथ्याशी फाळके स्मारक. पायऱ्यांचा चढ सावकाश पंधरा-वीस मिनिटांचा. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट. लेणी एकूण २४. बरेच जण वर जातात, फोटो काढतात, वाऱ्याला उभे राहतात आणि उतरतात. वाईट काहीच नाही त्यात. पण जरा वेगळ्या तऱ्हेनं बघितलं तर हीच जागा दहा रविवार पुरते.

एका फेरीत फक्त एक लेणं बघा. पहिल्यांदा तिसरं. त्याच्या व्हरांड्याच्या खाली अर्धे जमिनीत रुतल्यासारखे यक्ष आहेत, सगळ्या वास्तूचा भार खांद्यावर घेतलेले. प्रत्येकाचा चेहरा निरखा. इथल्याच शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगते. पुढच्या रविवारी दहावं लेणं. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे आणि तो चक्क ठेवीची पावती आहे: तीन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवली, त्यातली दोन हजार महिना शेकडा एक व्याजानं आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवराचा, म्हणजे वस्त्राचा खर्च. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही मुदत ठेव. अठरावं लेणं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, ते तिसऱ्या रविवारी.

लेख ब्राह्मी लिपीत आहेत. सगळं वाचता येणं हा वेगळा अभ्यास झाला, पण अक्षरं हुडकण्याचा खेळ पहिल्याच दिवशी जमतो. चार अक्षरं कागदावर काढून न्या. ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा, कधी खालच्या टोकाला किंचित वळलेला. ‘ठ’ म्हणजे नुसतं वर्तुळ. ‘थ’ म्हणजे वर्तुळात ठिपका. ‘ग’ म्हणजे कमान. भिंतीवर अक्षरं नीट दिसत नसतील तर मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूनं, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षरं वर येतात. बोटानं गिरवू नका, खडू तर मुळीच नको. मुलं बरोबर असतील तर ‘थ’ कोण आधी सापडवतं यावर पैज लावा. अर्धा तास कुठे गेला कळत नाही.

पाणी अर्धा लिटर, टोपी, पकड असलेले बूट. मार्चनंतर नऊच्या आत खाली या, दगड तापतो. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, काठानं न चालता मध्यातून चाला. कड्याला मोहोळ दिसलं तर आरडाओरडा आणि अत्तर दोन्ही टाळा.

पर्याय दुसरा: घरची मिसळ

बाहेर मिसळ खायला नाशकात जागांची वाण नाही. पण घरच्या मिसळीची गंमत शुक्रवारी रात्रीपासून सुरू होते, म्हणून ती इथे.

चार माणसांना २०० ग्रॅम मटकी. शुक्रवारी रात्री भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून पाणी पूर्ण निथळू द्या, गणंग दाणे निवडून काढा, नाहीतर एक तरी दाताखाली येतोच. मग ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड, जानेवारीत चोवीस तास लागले तरी नवल नाही. तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून डबा गोधडीत गुंडाळा. मटकी चिकट झाली, वास आला, तर फडकं फार ओलं होतं किंवा निथळायची घाई झाली. ती फेकून द्या.

उसळ साधी: दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मोड आलेली मटकी, मीठ, वाटीभर पाणी, झाकण. दहा-बारा मिनिटं. कुकर नको, लगदा होतो.

रस्सा: तीन मध्यम कांदे उभे चिरून तेलावर गडद भाजा. अर्धी वाटी सुकं खोबरं वेगळं भाजा, कारण ते कांद्याच्या आधी करपतं. त्यात बारा-पंधरा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि चमचाभर भाजलेले धणे घालून बारीक वाटा. पातेल्यात अर्धी वाटी तेल गरम करा. इतकं तेल बघून हात आखडतो, पण तर्री तेलातूनच येते. वाटण घालून मंद आचेवर कडेला तेल सुटेपर्यंत परता, आठ-दहा मिनिटं. मग गॅस अगदी बारीक करून दोन मोठे चमचे काळा मसाला आणि दोन लहान चमचे तिखट घाला, लगेच पळीभर पाणी टाका. तापल्या तेलात नुसतं तिखट पडलं तर ते काळं होतं आणि रस्सा कडवट लागतो. आता सव्वा लिटर उकळतं पाणी, मीठ, आणि वीस मिनिटं मंद उकळी. खदखदा उकळू नका. जोरात उकळलं की तेल रश्श्यातच मिसळून राहतं आणि वर लाल थर येत नाही. गॅस बंद करून पाच मिनिटं हात लावू नका, तर्री आपोआप वर येते.

वाढताना खाली उसळ, वर फरसाण, त्यावर रस्सा, मग तर्री, कांदा, कोथिंबीर, लिंबू. बाजूला दही, पापड आणि पाव. फरसाण आधी आणि रस्सा ताटात आल्यावर. स्वयंपाकघरातून ओतून आणलेली मिसळ टेबलापर्यंत येईतो मऊ पडते. रस्सा अंदाजापेक्षा दोन वाट्या जास्त करा. शेजारून कुणी येतंच.

थंडीतला एक दिवस: नांदूरमध्यमेश्वर

परळावरच्या पक्ष्यांची वही पाच-सहा पानं भरली की मगच इथे जा, आधी नको. नाहीतर एवढे पक्षी एकदम दिसतात की सगळे ‘बदक’ होऊन बसतात.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे हा पाणपसारा आहे. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. चापडगाव किंवा खानगाव थडीच्या बाजूनं जा, मनोरे तिकडेच आहेत. उजाडताना पोचायचं तर घरून साडेपाचला निघा. निफाडची थंडी पेपरात नुसती वाचलेली असते, पाण्याकाठी ती अंगाला भेटते. कानटोपी आणि हातमोजे घ्याच. बोटं आखडली की दुर्बीण धरवत नाही.

दुर्बीण विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून न्या. घ्यायचीच ठरली तर ८ बाय ४२. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची घेतली तर नवख्याच्या हातात चित्र थरथरतं. आधी डोळ्यांनी पक्षी पकडा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणा. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसलात तर नुसतं पाणीच दिसतं. सूर्य पाठीमागे राहील अशी जागा धरा, समोर ठेवला तर सगळे पक्षी काळे.

सोपे ओळखा: चमचा, त्याची चोच नावाप्रमाणे. चित्रबलाक, पिवळी चोच आणि शेपटीजवळ गुलाबी झाक. शेकाट्या, काळे-पांढरे अंग आणि लांब लालसर काटकुळे पाय. थापट्या बदक, पसरट चोचीनं पाणी गाळत फिरणारं. चक्रवाक, केशरी आणि जोडीनं. सगळी बदकं एकदम उडाली तर वर बघा, दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो. भडक कपडे नकोत, गाडीचा हॉर्न नको, ड्रोन तर नकोच.

पाऊस लागला की: कॅरम

जून-जुलैत परळाची गरज नाही, मोगरा थकतो, लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या. अशा वेळी माळ्यावरचा कॅरमबोर्ड काढा.

पावसात स्ट्रायकर मध्येच थांबतो आणि लोक पावडरीवर पावडर टाकत राहतात. दोष हवेतल्या ओलीचा असतो. बोर्ड कोरड्या सुती फडक्यानं पुसा, ओल्या कधीच नाही. वर दीड-दोन फुटांवर शेड लावून साधा पिवळा बल्ब लावा आणि खेळण्याआधी पंधरा मिनिटं चालू ठेवा. तो उजेडासाठी जेवढा, तेवढाच बोर्ड सुकवण्यासाठी. एलईडीनं हे काम होत नाही. मग बोरिक पावडर फक्त चिमूटभर, मध्यावर, आणि तळहातानं गोल पसरा. जास्त झाली की कोपऱ्यांत गोळे होतात.

सोंगट्या नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपेक्षा जड नसावा. मारताना तो पट्टीच्या दोन्ही रेषांना टेकला पाहिजे. टोकाच्या लाल गोलावर ठेवलात तर गोल पूर्ण झाका, अर्धवट चालत नाही. राणी घेतली की त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घालून ती पक्की करायची, नाहीतर राणी परत मध्यावर. नवखा माणूस जोर बोटातून काढतो आणि नख दुखवून घेतो. बोट आधी स्ट्रायकरला जवळजवळ टेकवून ठेवा आणि तिथूनच सोडा, लांबून आणलेल्या बोटाची दिशा चुकते. पहिला आठवडा फक्त सरळ सोंगट्या घ्या. कट आणि उलटे फटके पोरांना मारू द्या, ती ऐकणार नाहीतच. खेळ झाला की बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, एका पावसाळ्यात त्याला पोट येतं. चादरीत गुंडाळून पलंगाखाली आडवा सरकवा, खाली दोन लाकडी पट्ट्या घालून, म्हणजे फरशीची ओल वर चढत नाही.